सात शब्द, सात माणसं

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, दुपारी 12 ते 3 ही उपासना नाशिकच्या आमच्या मंडळीत आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार क्रमाने वाचायचे, प्रत्येकावर एक संदेश, मध्ये गीत, प्रार्थना आणि थोडा वेळ शांतता. आम्ही त्यांना ‘सात शब्द’ म्हणतो. त्यांतले तीन लूकच्या शुभवर्तमानात आहेत, तीन योहानाच्या. उरलेला ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा मत्तय आणि मार्क या दोघांनी दिला आहे, आणि त्याखेरीज त्या दोघांनी एकही दिलेला नाही. तीन तासांची ही रीत मुळात पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली. पुढे ती कॅथलिक, प्रोटेस्टंट सगळ्यांची झाली.

अडचण दर वर्षी एकच असते. त्या दिवशी त्या वेळेला प्रत्येक पाळक आपापल्या मंडळीत अडकलेला असतो. मग कुणी निवृत्त पाळक, पाळक होण्यासाठी पुण्याला सेमिनरीत शिकणारा एखादा विद्यार्थी आणि उरलेले चार-पाच शब्द मी, इथला पाळक, असं चालायचं. या वर्षी मी कमिटीपुढे वेगळं मांडलं. सातही शब्दांवर मंडळीतल्या माणसांनी बोलावं, आणि तेही आजवर कधी पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, न चढलेल्यांनी.

मला त्यातली सोय बघायची नव्हती. पाळकाचं निम्मं काम लोकांच्या घरी चालतं. सिडकोतल्या दोन खोल्यांत, हॉस्पिटलच्या जिन्यात, जेल रोडवरच्या एखाद्या दुकानाच्या मागच्या बाजूला. तिथे बोलणं घराच्या हप्त्याचं असतं, आईच्या शुगरचं असतं, मुलाच्या अॅडमिशनचं असतं, आणि मध्येच माणूस देवाबद्दल असं काही बोलून जातो की मी गाडीपाशी येऊन उभा राहतो तरी ते डोक्यातून जात नाही. रविवारी तीच माणसं समोर बाकांवर बसतात आणि बोलतो मी. त्यांचा विश्वास सोमवार ते शनिवार कामाच्या ठिकाणी कसाला लागतो आणि मंडळीत त्याला तोंड उघडायला जागा नसते, हे मला फार दिवस खुपत होतं.

कमिटीत शंका निघणार होत्याच. ‘उद्या कुणी काहीही बोललं तर?’ ‘लोक तीन तास बसतील का?’ एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘पाळकसाहेब, पुलपिटचा मान असतो.’ तो मान मलाही ठेवायचा होता. मी त्यांना आपल्याच नाशिकची एक गोष्ट सांगितली. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून मुंबईत आणलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा मिळाला, शाळा मिळाली, हाताला कसब मिळालं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आज झांबिया म्हणतात त्या देशातल्या चितांबोच्या गावात वारले. त्यांचं हृदय सोबत्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरलं. शेकडो मैलांत पाळक नव्हता. दफनविधीची उपासना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग ती माणसं लिव्हिंगस्टन यांचा देह घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत गेली. पुढे 18 एप्रिल 1874ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. मी कमिटीला एवढंच म्हटलं की आपल्या मातीत शिकलेल्या, दीक्षा न झालेल्या माणसाने तो विधी वाचला आणि कुणाला त्यात मान गेल्यासारखं वाटलं नाही.

होकार मिळाला. वचनाला सोडून काही बोललं जाणार नाही ही जबाबदारी मी घेतली.

माणसं निवडताना मी चांगलं बोलणाऱ्यांना मुद्दाम वगळलं. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर, दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार, अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण, कारागृहात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका, आमच्या दफनभूमीची देखभाल करणारे गृहस्थ आणि एक सेवानिवृत्त शिक्षिका. सातवे एक दुकानदार. त्यांना पहिला शब्द दिला होता.

ईस्टरआधीचा उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो; त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत बसायचो. वेळ सगळ्यात गैरसोयीची. उपवासकाळ येतो तेव्हाच नाशिकला द्राक्षांची काढणी असते, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि कारखान्यांत मार्चअखेरचा माल काढायची धांदल. कुणी ओव्हरटाइम सोडून यायचं, कुणाच्या हातात मुलीला क्लासहून आणायची गाडीची चावी. पहिल्या बुधवारी मी काहीच शिकवलं नाही. प्रत्येकाने आपला उतारा उभं राहून तीनदा मोठ्याने वाचायचा आणि मग एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हे वाचताना या आठवड्यातलं तुम्हाला काय आठवलं?

सगळ्यांचा आवाज बदलला. घरी माझ्याशी साधं बोलणारी माणसं ‘प्रियजनहो’ म्हणून सुरू झाली. लेथवरचा मुलगा तर मोबाइलवरून उतरवलेला संदेश घेऊन आला होता. त्यात ग्रीक भाषा होती, रोमन कायदा होता, आणि तो स्वतः कुठेच नव्हता. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, ‘तुझ्याकडे काम पूर्ण झालं हे कोण ठरवतं?’ तो म्हणाला, ‘मी नाही ठरवत, साहेब. गेज ठरवतं. मग इन्स्पेक्शन.’ आणि दहा मिनिटं न थांबता बोलला. रिजेक्ट झालेल्या जॉबबद्दल, रात्री मशीन बंद करताना अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल, कंत्राट पुढे मिळेल की नाही हे कळत नसताना तरी माप चुकू न देण्याबद्दल. ‘पूर्ण झाले आहे’ हा शब्द त्याच्याकडे द्यावा असं मला का वाटलं होतं ते तेव्हा सगळ्यांना कळलं. पुलपिटची भाषा अंगावरून उतरायला बाकीच्यांना दोन-तीन बुधवार लागले.

सिस्टर बरेच दिवस नुसत्या ऐकत बसायच्या. त्यांचा शब्द ‘मला तहान लागली आहे.’ एका बुधवारी ड्यूटीवरून थेट आल्या, चहा घेतला आणि बोलायला लागल्या.

‘पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला तोंडाने काही द्यायचं नसतं. पाणीसुद्धा नाही. पहाटे तीन-चारला माणूस हात जोडतो. शिव्या देतो. सिस्टर, एक घोट द्या. मी नाही म्हणते. गॉज ओलं करून ओठांवरून फिरवते, तेवढंच. येशूच्या तोंडाला आंबेचा, त्या आंबट द्राक्षारसाचा, स्पंज लावणारा जो कुणी होता, त्याला मी लहानपणापासून वाईट समजत आले. संडे स्कूलमध्ये तसंच शिकले. आता वाटतं, त्या माणसाच्या हातात तेवढंच असेल.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. लूक लिहितो की शिपायांनी थट्टेने आंब पुढे केली, हे मी त्यांना सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं. त्यांनी पुस्तक पुढे ओढून योहानाचा 19वा अध्याय पुन्हा वाचला. तिथे थट्टेचा उल्लेख नाही. भांडं होतं, स्पंज होता, एजोब नावाच्या झुडपाची काठी होती, कुणीतरी तो तोंडाशी नेला. ‘माझा शब्द योहानातला आहे ना,’ त्या म्हणाल्या, ‘मग मी योहानाचंच बोलेन.’ इतकी वर्षं मी हा उतारा दर उत्तम शुक्रवारी ऐकत किंवा सांगत आलो, पण त्या स्पंज धरणाऱ्या हाताच्या बाजूने तो कुणी वाचलेला मी ऐकला नव्हता.

बागायतदारांचं सगळ्यात जड गेलं. चौथा शब्द, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, मी त्यांना दिला तेव्हा बाग उभी होती, घड भरले होते, व्यापाऱ्याशी बोलणी चालू होती. मध्येच एका संध्याकाळी वादळी पाऊस झाला, गारा पडल्या. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. मणी तडकले, घड जमिनीवर आले, कर्ज मात्र जागेवर. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते वेलीखालचे घड गोळा करून बांधावर टाकत होते. मीही टाकू लागलो. सात शब्दांचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. ‘मी येणार, साहेब. दुसऱ्याला देऊ नका.’

पुढच्या बुधवारी ते आले. आमच्यातले एकजण, मनाने अतिशय चांगले, त्यांना धीर द्यायला म्हणाले, ‘प्रभू फांदी छाटतो ती तिला जास्त फळ यावं म्हणून.’ योहानाच्या 15व्या अध्यायातलं हे वचन. द्राक्षबागेच्या माणसाला द्राक्षवेलीचं वचन द्यावं, यात प्रेमच होतं. बागायतदार शांतपणे म्हणाले, ‘काका, छाटणी मी करतो ना. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. कात्री माझ्या हातात असते. कुठल्या डोळ्यावर कापायचं ते बघून, मोजून कापतो. आत्ता एप्रिलात वेल पार बोडकी करतो, तरी मला माहीत असतं की पुढच्या वर्षाचा घड त्या नव्या काडीतच तयार होणार आहे. म्हणून हात चालतो. गारा मोजून पडत नाहीत. छाटणी आणि गारपीट एक नाही.’

मला हे त्या संध्याकाळचंच नव्हे, तर पाळक म्हणून माझ्या सगळ्या वर्षांतलं फार मोलाचं बोलणं वाटतं. आपण दुःखी माणसाला वचन देतो ते अनेकदा घाईने देतो. त्याच्या कामातली ज्याला बारीक माहिती आहे तोच सांगू शकतो की हे वचन इथे लागतं की नाही. योहान 15 खरं आहेच, त्यांनी ते नाकारलं नाही. त्यांनी फक्त ते गारपिटीला लावू दिलं नाही.

मी त्यांना सांगितलं की येशूने उच्चारलेलं ते वाक्य 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. बरेच उपदेशक चौथ्या शब्दावरून लगेच त्या शेवटाकडे जातात. त्यांनी विचारलं, ‘वधस्तंभावर येशू शेवटपर्यंत म्हणाला का ते स्तोत्र?’ शुभवर्तमानात एवढी एकच ओळ आहे, मी म्हटलं. ‘मग मीही तेवढंच म्हणतो. पुढचं देवाला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. मला अजून तिथवर पोचायचंय.’ तरी ते प्रार्थना सोडत नव्हते, उपासनेला येत होते, दशांशाचं, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला द्यायचं, पाकीट या वेळी रिकामं राहील म्हणून आधी सांगून गेले होते. ज्याला ‘का’ विचारायचं त्याच्याकडेच ते रोज जात होते. विश्वास याहून वेगळा काही असतो असं मला वाटत नाही.

दुःखसप्ताह सुरू झाला. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आपला हा आठवडा बहुतेकदा चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे पडतो. पंचवटीत रामनवमीची आणि रथांची गडबड, इकडे झावळ्यांच्या रविवारच्या आमच्या झावळ्या, आणि एकाच फुलवाल्याकडे दोन्हीकडची माणसं. मंगळवारी रात्री दुकानदार गृहस्थ माझ्याकडे आले. पहिला शब्द त्यांचा: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ वडिलांच्या घराच्या वाटणीवरून त्यांचं भावाशी बोलणं बंद आहे हे मला माहीत होतं, आणि त्यांनी तो शब्द आपणहून मागून घेतला होता.

‘पाळकसाहेब, कागद लिहून झालाय. चांगला झालाय. पण भाऊ पुढच्या बाकावर बसणार आणि माझ्या तोंडून हे ऐकणार. माझ्या मनातून ते गेलेलं नाही. देवाच्या घरात उभं राहून मी कसं बोलू?’

मी गळ घातली नाही. एखाद्याने क्षमा केव्हा करायची हे उपासनेच्या कार्यक्रमपत्रिकेने ठरवू नये, यावर मी ठाम आहे. क्षमेच्या नावाखाली मंडळीत लोकांना हात मिळवायला लावतात आणि दोघं घरी जाऊन जास्त दुरावतात, हे मी पाहिलेलं आहे. मी त्यांच्यापुढे एवढंच ठेवलं: येशू त्या क्षणी ‘मी तुम्हाला क्षमा करतो’ असं खाली उभ्या असलेल्यांना म्हणत नाही, तो पित्याला विनंती करतो. आज तुमच्याने होत नसेल तर ते काम पित्याकडे मागायला तुम्हाला मोकळीक आहे. ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, ‘एवढं तरी जमतं का बघतो. पण शुक्रवारी नको.’

कमिटीने सुचवलं की पहिला शब्द मीच घ्यावा. मला ते योग्य वाटलं नाही. त्या जागेवर कुणाला तरी बोलता आलं नाही, हेही त्या उपासनेतलं एक खरं होतं. ठरलं असं की मी वचन वाचीन आणि संदेशाची आठ मिनिटं मंडळी शांत बसेल.

शुक्रवारी ऊन चांगलंच तापलं होतं. पंखे फिरत होते, बायका पांढऱ्या साड्यांत, वेदीवर काळं कापड. घंटा त्या दिवशी आम्ही वाजवत नाही. सगळ्याच कंपन्या सुट्टी देत नाहीत, त्यामुळे काहीजण दुसऱ्या पाळीला जाण्याआधी तासभर बसून गेले, काहीजण पहिली पाळी संपवून शेवटी आले. पहिल्या शब्दाला आठ मिनिटांची शांतता लोकांना लांब वाटली. एक मूल रडलं, एकदोघांनी मागे वळून पाहिलं, मग सगळे स्थिरावले.

कारागृहातून निवृत्त झालेले काका दुसऱ्या शब्दावर बोलले. सुटलेल्या माणसाला फाटकाबाहेर न्यायला कुणी आलेलं नसतं तेव्हा तो कसा उभा राहतो, हे त्यांनी सांगितलं, आणि शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू म्हणाला त्या ‘तू आज माझ्याबरोबर असशील’ यातला ‘माझ्याबरोबर’ त्यांनी तीनदा म्हटला. शिक्षिकाबाई कागद न घेता आल्या. ‘मरताना येशूने आईची सोय लावली. कुणाकडे राहायचं ते नाव घेऊन सांगितलं. माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत, आणि माझं जेवणखाण, औषधपाणी शेजारची मुलगी बघते. ती आपल्या मंडळीतली नाही. मी रोज तिच्यासाठी देवाचे आभार मानते.’ एवढं बोलून त्या बसल्या. त्यांची मिनिटं उरली होती, ती आम्ही गीताला दिली.

बागायतदारांनी छाटणी आणि गारपिटीचं सांगितलं, वाक्याला वाक्य तसंच. त्यांच्यानंतर प्रार्थना करायला मी उभा राहिलो आणि 22व्या स्तोत्राच्या शेवटाकडे गेलो नाही. सिस्टरांनी स्पंजचं सांगितलं तेव्हा चर्चमध्ये ज्यांनी ज्यांनी घरच्या माणसासाठी आयसीयूबाहेर बसून दिवस काढले आहेत, त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं. शेवटचा शब्द, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’, दफनभूमीच्या काकांचा. पेटी खाली सोडताना दोर हातातून एकदम सुटू द्यायचा नसतो, सगळ्यांनी सारखा ढिला द्यायचा असतो, आणि तळ लागल्याचं हाताला कळतं, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, ‘सोपवणं म्हणजे टाकून देणं नाही. मी कुणाला टाकलेलं नाही.’ त्यांनी पुरलेल्यांचे नातेवाईक त्या बाकांवर बसलेले होते.

सगळ्यांना आवडलं असं नाही. एका ज्येष्ठांनी स्पष्ट सांगितलं की तीन तासांत सिद्धान्त फार कमी आला, येशूने आपल्या मरणाने केलेल्या प्रायश्चित्ताबद्दल नीट शिकवण व्हायला हवी होती. त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. पुढच्या वर्षी उपवासकाळातल्या रविवारच्या संदेशांत ती शिकवण मी आधी देणार, म्हणजे शुक्रवारी बोलणाऱ्यांच्या पाठीशी ती असेल. पण सोमवारी मला आलेले फोन शिकवणीबद्दल नव्हते. सिस्टरांना गाठून कुणी आपल्या वडिलांच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोललं. लेथवरच्या मुलाला त्याच्याच कारखान्यातल्या, मंडळीबाहेरच्या दोन सोबत्यांनी विचारलं की तू काय बोललास ते आम्हालाही सांग. दुकानदार गृहस्थांच्या भावाने मला विचारलं, पहिल्या शब्दाला कुणी का बोललं नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही. विचारायचं तर कुणाला विचारायचं, एवढं सांगितलं. त्यांनी अजून विचारलेलं नाही. मी दोघांच्याही घरी जातो.

पुढच्या वर्षासाठी मी कमिटीकडे एकच गोष्ट मागितली आहे. नावं नाताळ झाल्याबरोबर ठरावीत, कारण मार्चमध्ये कुणालाच वेळ नसतो आणि नर्सिंगची ड्यूटी खूप आधी लागते. महिला मंडळाने दोन नावं सुचवली आहेत, तरुण संघाने एक.

बागायतदारांनी बाग तोडली नाही. खरड छाटणी उशिरा का होईना झाली, काड्या चांगल्या निघाल्या आहेत. परवा त्यांचा फोन होता, फळछाटणीच्या आधी बागेत घरप्रार्थना ठेवायची म्हणून. मी तारीख विचारली. ‘पाऊस उघडला की कळवतो,’ ते म्हणाले, ‘पण गुरुवार-शुक्रवार धरू नका, मजुरांचा बाजार असतो.’